एका विशेषणाचा इतिहास : 'एस्टॅब्लिश्ड' ख्रिस्तसभा आणि आपण

पेडणे तालुक्यातील केरी गावी तेरेखोल नदीच्या मुखाशी फेरीबोटीचा धक्का आहे. पैलतीरी टेकडीवर तेरेखोलचा छोटेखानी किल्ला दिसतो आणि त्या किल्ल्याच्या आत संत अंतोनीचे चर्च आहे. नदीच्या उत्तरेस असूनही तेरेखोल गोव्यात मोडते. जमिनीच्या बाजूने मात्र त्यास सिंधुदुर्ग जिल्ह्याने वेढलेले आहे. या धक्क्यावर बोटीची वाट पाहत उभे असता एका धर्मशिक्षकाने आम्हांस आपली वही दाखविली. मिशनकार्यावरील एक इंग्रजी पुस्तिका वाचून त्याने टिपणे काढली होती. पुस्तिकेत 'एस्टॅब्लिश्ड चर्चेस' असा शब्दप्रयोग वारंवार आला होता आणि त्याचे मराठी त्याने 'ख्रिस्ताने स्थापन केलेल्या ख्रिस्तसभा' असे केले होते. त्यावरून त्याने निष्कर्षही काढला होता : ज्या मंडळ्या या वर्गात येत नाहीत त्या ख्रिस्ताने स्थापिलेल्या नाहीत, असे पुस्तिकेच्या लेखकाचे मत आहे.

त्याच्याबरोबर सावंतवाडीकडील दुसरा एक तरुण धर्मशिक्षक होता. त्याने तीच पुस्तिका वाचली होती आणि त्याच शब्दाचे भाषांतर 'प्रस्थापित' असे केले होते. कोशाप्रमाणे ते अचूक होते. परंतु मराठी साहित्याच्या वाचनाने त्याचा कान असा घडला होता की 'प्रस्थापित' म्हटले की त्यास मक्तेदारी, मठाधीश, गादीला चिकटून बसलेले लोक एवढेच ऐकू येई. त्यामुळे लेखक आपल्यावर टीकेची झोड उठवीत आहे असा त्याचा समज झाला होता. एकाला त्या विशेषणात प्रमाणपत्र दिसले, दुसऱ्याला शिवी दिसली. पुस्तिकेच्या लेखकाला बहुधा दोन्हींपैकी काहीच अभिप्रेत नव्हते. 'आधीपासून तेथे असलेल्या' इतकेच त्यास म्हणावयाचे होते.

बोट यावयास अवकाश होता. त्या वेळी जे तुटकपणे सांगता आले ते येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत; कारण हे विशेषण आपल्या धर्मगुरूंच्या व धर्मशिक्षकांच्या वाचनात नित्य येते आणि त्याच्या पोटात जो इतिहास दडलेला आहे त्याचा बराच मोठा भाग आपल्याच अंगणात घडलेला आहे.

मूळ शब्द लॅटिन. 'स्ताबिलिस' म्हणजे स्थिर, न डळमळणारा. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'स्थिर करणे, घट्ट बसविणे' असाच होता. इंग्रज माळी आजही हा शब्द रोपाविषयी वापरतो. लावलेले रोप मूळ धरून स्वतःच्या बळावर उभे राहिले की ते 'एस्टॅब्लिश' झाले असे तो म्हणतो. आपल्याकडे काजूचे कलम लावणारा म्हणेल, कलमाने जीव धरला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल आपल्या भेटीचा हेतू सांगतो तेथेही हेच क्रियापद आहे. मूळ ग्रीक शब्दाचा आशय 'आधार देऊन स्थिर करणे' असा आहे आणि पेत्राला आपल्या बंधूंना स्थिर करण्याची आज्ञा लूकच्या शुभवर्तमानात मिळते तेथेही ग्रीकमध्ये तेच क्रियापद आढळते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की दोन्ही ठिकाणी स्थिर व्हावयाची आहेत ती माणसे.

या शब्दास संस्थेचे विशेषण बनविले ते इंग्लंडच्या कायद्याने. सोळाव्या शतकात राजाने रोमशी संबंध तोडले आणि ख्रिस्तसभेचे शासन संसदेच्या कायद्यांवर आधारले. १६०४ च्या धर्मनियमावलीत इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा उल्लेख 'राजसत्तेखाली कायद्याने एस्टॅब्लिश केलेली' असा येतो, आणि अशी ख्रिस्तसभा खरी व प्रेषितीय नाही असे म्हणणाऱ्यास बहिष्कृत करण्याची तरतूदही तेथेच आहे. १७०१ च्या राजवारसा कायद्यात हेच शब्द पुन्हा आहेत. राज्याभिषेकाच्या शपथेत ते सतराव्या शतकाच्या अखेरीस शिरले आणि ६ मे २०२३ रोजी राजे तिसरे चार्ल्स यांनी जी शपथ घेतली तीतही होते. या सर्व ठिकाणी 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे 'स्थापन झालेली' नव्हे. इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचे कट्टर अभिमानीसुद्धा ती संसदेने स्थापन केली असे कधी म्हणत नाहीत. ती कँटरबरीच्या संत ऑगस्टिनापासून चालत आली असेच ते सांगतात. कायद्याने तिला आसन दिले, एवढाच त्या विशेषणाचा कायदेशीर अर्थ. पुढे बोलण्याच्या ओघात 'कायद्याने' हा शब्द गळून पडला, विशेषण तेवढे उरले, आणि घोटाळ्याचा उगम येथेच आहे.

आसन मिळाले तसे त्याचे भाडेही द्यावे लागले. इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचे २६ बिशप उमरावांच्या सभागृहात बसतात, ही मानाची बाजू. बिशपांची नेमणूक राजसत्तेकडून होते, ही दुसरी बाजू. १८३३ मध्ये संसदेने आयर्लंडमधील दहा बिशपपदे रद्द करण्याचे ठरविले तेव्हा ऑक्सफर्ड येथे जॉन कीबल यांनी जे प्रवचन केले त्यातून ऑक्सफर्ड चळवळ उभी राहिली. बिशप हा प्रेषितांचा वारस की सरकारचा नोकर, हाच त्या चळवळीपुढील पहिला प्रश्न होता. न्यूमन यांस त्या प्रश्नाने १८४५ मध्ये रोमला आणून पोहोचविले. आयर्लंडमध्ये तर बहुसंख्य कॅथलिक शेतकरी, आणि 'एस्टॅब्लिश्ड' ख्रिस्तसभा मूठभर प्रॉटेस्टंटांची, अशी विपरीत स्थिती होती. १८६९ च्या कायद्याने ती ख्रिस्तसभा राजसत्तेपासून विलग करण्यात आली, १८७१ पासून तो अमलात आला. वेल्समध्ये तेच १९२० साली घडले. १९२७ व १९२८ मध्ये इंग्लंडच्या ख्रिस्तसभेने आपले प्रार्थनापुस्तक सुधारून मान्यतेसाठी संसदेपुढे ठेवले आणि कॉमन्स सभागृहाने ते दोन्ही वेळा फेटाळले. उपासना कशी करावी हे ख्रिस्तसभेने ठरवावयाचे आणि त्यास होकार-नकार मात्र लोकसभेने द्यावयाचा, असा हा प्रकार.

इंग्रजीत या विशेषणाचे इतर उपयोग निरुपद्रवी आहेत. दुकानाच्या पाटीवर 'स्थापना अमुक साली' या अर्थी ते येते. नाव झालेला लेखक, रूढ झालेली चाल, सिद्ध झालेली वस्तुस्थिती, या सर्वांस इंग्रज हेच विशेषण लावतो, आणि त्यात किंचित स्तुतीची छटा असते. त्याच्यापासून बनलेल्या नामाला मात्र विसाव्या शतकात वेगळीच चव आली. १९५५ साली हेन्री फेअरली या पत्रकाराने लंडनच्या एका साप्ताहिकात देश चालविणाऱ्या वरिष्ठ वर्तुळाच्या अदृश्य मेळाला 'द एस्टॅब्लिशमेंट' म्हटले आणि तो अर्थ जगभर पसरला. शब्द ख्रिस्तसभेचा, अर्थ सत्तेच्या कोंडाळ्याचा. बदनामी अशी वारशाने यावी, यात ख्रिस्तसभेस तक्रार करण्यास फारशी जागा नाही.

भारतात हा शब्द आला तो आणखी एका, अगदी व्यवहारी अर्थाने. कंपनी सरकारच्या दप्तरात 'एस्टॅब्लिशमेंट' म्हणजे पगारपटावरील नोकरवर्ग. मराठीने त्यासाठी 'आस्थापना' हा शब्द घेतला आणि सरकारी कचेरीतील आस्थापना शाखा, दुकाने व आस्थापना अधिनियम, यांतून तो आपल्या रोजच्या परिचयाचा आहे. १८१३ च्या सनदेने कलकत्त्यास बिशप नेमण्याची तरतूद झाली, १८३३ च्या सनदेने मुंबई व मद्रास यांस बिशप मिळण्याची वाट मोकळी झाली आणि १८३७ मध्ये टॉमस कार हे मुंबईचे पहिले अँग्लिकन बिशप झाले. हे बिशप, त्यांचे आर्चडीकन आणि छावण्यांतील चॅपलेन ही सरकारची 'धर्मविषयक आस्थापना' होती. त्यांचा पगार हिंदुस्थानच्या महसुलातून जाई. स्कॉटलंडची ख्रिस्तसभाही आपल्या देशात राजमान्य असल्याने तिच्या चॅपलेनांसही या पटावर जागा मिळाली. तेव्हा हिंदुस्थानात 'एस्टॅब्लिश्ड' पाद्री म्हणजे सरळ भाषेत पगारी पाद्री. बाकीचे ते मिशनरी.

या दोन वर्गांमधील भेद १८४३ मध्ये फार कठोरपणे प्रत्ययास आला. स्कॉटलंडमध्ये धर्मग्रामाचा पाळक नेमण्याचा हक्क जमीनदार आश्रयदात्याकडे होता. तो नाकारून साडेचारशेहून अधिक पाळक घरदार आणि वेतन सोडून राजमान्य ख्रिस्तसभेतून बाहेर पडले व त्यांनी 'फ्री चर्च' उभारले. भारतातील स्कॉटिश मिशनऱ्यांनीही एकमुखाने त्यांची वाट धरली, मुंबईचे डॉ. जॉन विल्सन त्यांपैकीच. परिणाम तात्काळ झाला. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांना स्वतः उभारलेली संस्था, तिची इमारत व सामग्री सोडून नव्याने आरंभ करावा लागला, कारण मालमत्ता 'एस्टॅब्लिश्ड' ख्रिस्तसभेची. त्या दोन संस्था पुन्हा एक व्हावयास १९०८ साल उजाडले.

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनची कथा तर उलट टोकाची. या मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईस उतरले. धर्म आणि राज्य यांची फारकत झालेल्या देशातून ते आले असा आपला समज असतो. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने मध्यवर्ती संसदेस धर्माची 'एस्टॅब्लिशमेंट' करण्यास मनाई केली खरी; परंतु ती मनाई घटकराज्यांस लागू नव्हती. मिशनचा जेथे जन्म झाला त्या मॅसॅच्युसेट्समध्ये काँग्रिगेशनल मंडळ्यांस १८३३ पर्यंत करातून आधार मिळत होता. म्हणजे मुंबईत पोटाला चिमटा घेऊन शाळा चालविणारे हे मिशनरी स्वदेशी राजमान्य परंपरेतलेच होते. येथे येऊन ते प्रथमच 'बाहेरचे' झाले. आणि त्यांच्याच मिशनातील रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला, तेव्हा मिशन हीच एक आस्थापना होऊन बसली होती.

इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा भारतातील कायदेशीर संबंध १९२७ च्या कायद्याने तोडण्यात आला व १ मार्च १९३० पासून ती स्वतंत्र झाली. या कामी मुंबईचे बिशप एडविन पामर यांचा वाटा मोठा होता. आपली सनद आपण होऊन परत करणारे बिशप इतिहासात थोडे. ज्या वर्षी संसदेने इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचे प्रार्थनापुस्तक फेटाळले त्याच वर्षी तिच्या भारतीय कन्येस आपली उपासना आपण ठरविण्याचा हक्क मिळाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताची ख्रिस्तसभा स्थापन झाली, ती या मोकळ्या झालेल्या वाटेवरूनच चालत आली.

येथपर्यंत इंग्रजीची कथा झाली. आता केरीच्या धक्क्याकडे परत येऊ. स्कॉटलंडमधील ज्या आश्रयदात्याच्या हक्कावरून १८४३ ची फूट झाली त्याच हक्कास पोर्तुगीज भाषेत 'पाद्रुआद' म्हणतात. इंग्रजीतील विशेषण पोर्तुगीजांनी वापरले नाही. पण ती वस्तू त्यांच्याकडे इंग्लंडच्याही आधीपासून आणि अधिक पक्की होती. पंधराव्या शतकापासून पोपमहाशयांच्या आज्ञापत्रांनी पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील धर्मकार्याचा आश्रयदाता नेमले. चर्चेस बांधण्याचा, धर्मगुरूंना पोसण्याचा भार त्याच्यावर. बिशपांची नावे सुचविण्याचा हक्क त्याचा. १५३४ मध्ये गोवा धर्मप्रांत झाला, १५५८ मध्ये आर्चबिशपचे पीठ झाले. १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले, तेही राजसत्तेच्याच छत्राखाली. संतसुद्धा या व्यवस्थेतून सुटले नाहीत. खुद्द पोर्तुगालमध्ये १६६८ साली लागुश येथील पलटणीत संत अंतोनीचे नाव शिपाई म्हणून पटावर चढविले गेले आणि पुढे त्यास बढतीही मिळाली. तेरेखोलचा किल्ला पोर्तुगीजांनी सावंतवाडीकरांकडून १७४६ मध्ये जिंकला. त्याच्या तटाच्या आत याच संताचे चर्च असावे, हे पाहताना आम्हांस ती पलटणीची नोंद आठवल्यावाचून राहत नाही.

राजमान्य ख्रिस्तसभेच्या हद्दीबाहेर पडल्यावर काय होते याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. दिवाडी बेटावरील एका ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात सोळाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेले मातेवश द कास्त्रु हे गोव्यात मनाजोगी वाट न मिळाल्याने रोमला गेले. तेथे १६२२ मध्ये स्थापन झालेल्या श्रद्धाप्रसार मंडळाने, म्हणजे 'प्रोपगांडा'ने, त्यांना हाताशी धरले. ते धर्मगुरू होऊन परतले तेव्हा राजाच्या परवान्यावाचून आलेले म्हणून गोव्यात त्यांचे अधिकारपत्र मानले गेले नाही. पुन्हा रोम. १६३७ मध्ये त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला आणि आदिलशाही मुलखासाठी पोपमहाशयांचे प्रतिनिधी, म्हणजे व्हिकर अपोस्तोलिक, या नात्याने ते परत आले. भारतीय माणसास असे पद प्रथमच मिळत होते. पोर्तुगीज गोव्यात त्यांस थारा नव्हता. म्हणून हे बिशप राहिले ते डिचोलीस, आदिलशहाच्या राज्यात.

हे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. नदीच्या एका बाजूस राजाच्या खर्चाने उभी असलेली भव्य चर्चेस आणि राजाने सुचविलेले आर्चबिशप. दुसऱ्या बाजूस मुसलमान सुलतानाच्या आश्रयाने राहणारा, रोमने नेमलेला, पण लिस्बनला अमान्य असलेला एक गोमंतकीय बिशप. खरा बिशप कोण? दोघेही खरेच. 'एस्टॅब्लिश्ड' मात्र एकच. आणखी एक गोष्ट अशी की १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून फुटून निघाल्यावर १६६८ पर्यंत रोमने पोर्तुगीज राजाने सुचविलेल्या बिशपांस मान्यता दिली नाही. त्यामुळे १६५२ मध्ये गोव्याचे आर्चबिशप वारल्यानंतर ते पीठ दीर्घकाळ रिकामे राहिले. पाद्रुआदचा मान राजाकडे होता म्हणून राजाच्या भांडणाची शिक्षा कळपास भोगावी लागली. आणि त्याच काळात डिचोलीस एक बिशप होता, पण त्याच्याकडे जाणे हा राजद्रोह.

मातेवश द कास्त्रु यांस आम्ही संत ठरवू इच्छीत नाही. १६५३ मध्ये त्यांनी गोव्यातील ब्राह्मण धर्मगुरूंना उद्देशून जे प्रसिद्ध पत्र लिहिले त्यात पोर्तुगीजांविरुद्ध चिथावणी होती आणि जातीचा अभिमानही लपलेला नव्हता. पुढील वर्षीच्या विजापुरी स्वारीस त्यांनी उत्तेजन दिल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. अन्यायाने कडू झालेल्या माणसाच्या हातून जे होते ते त्यांच्या हातून झाले. परंतु त्यांनी डिचोलीत ज्या गादीचा आरंभ केला तिचा वंश पुढे चालला. महा-मोगलांचे व्हिकरपद म्हणून तिचा विस्तार झाला, १७२० मध्ये ती मुंबईस आली आणि १८८६ मध्ये तिचेच मुंबईचे आर्चबिशप-पीठ झाले. मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांताचे मूळ डिचोलीत आहे हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असते?

दिवाडीवरून डिचोलीस आलेले ते एकटेच नव्हते. सोळाव्या शतकात दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले गेले तेव्हा भक्तांनी तो देव नदीपार डिचोली महालातील नार्वे येथे नेला, आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. एकाच बेटावरचा देव आणि बिशप, दोघांनीही राजमान्य धर्माच्या हद्दीबाहेर एकाच महालात आसरा घ्यावा! या योगायोगावर आम्ही भाष्य करीत नाही. धर्मशिक्षकांनी तो मुलांना सांगताना वगळू मात्र नये.

मुंबईत १७२० मध्ये जे झाले त्याची मौज वेगळीच. बेट इंग्रजांकडे गेले तरी तेथील कॅथलिक गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली होते. पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांच्या निष्ठेविषयी इंग्रजांस संशय आला, गव्हर्नर चार्ल्स बून यांनी त्यांना काढून लाविले आणि कार्मेलाइट व्हिकर अपोस्तोलिक यांस बोलावून घेतले. स्वतःची प्रॉटेस्टंट ख्रिस्तसभा कायद्याने प्रस्थापित असलेले सरकार कॅथलिकांचा बिशप कोण हे ठरवीत होते! त्यातून पाद्रुआद विरुद्ध प्रोपगांडा असा तंटा पेटला आणि १७९४ पासून मुंबईत दुहेरी अधिकारक्षेत्र रूढ झाले. एकाच वस्तीत दोन चर्चेस, दोन निष्ठा. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले, रोमशी संबंध तुटले आणि १८३८ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी गोव्याबाहेरील पाद्रुआदचे अधिकार बव्हंशी काढून घेतले. ते आज्ञापत्र गोव्याच्या पक्षाने मानले नाही. राजाच्या संमतीवाचून आलेले पत्र पोपमहाशयांचे असूच शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. राजमान्यतेची सवय माणसास कोठवर नेते ते येथे दिसते. १८५७ व १८८६ च्या करारांनी घाव भरत आणला. दुहेरी अधिकार संपला तो १९२८ मध्ये, आणि तोही अशा अटीवर की मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज व एकदा ब्रिटिश असावेत. ही अट १९५० मध्ये गेली. तेव्हा इंग्रज आर्चबिशप टॉमस रॉबर्ट्स यांनी पद सोडून वाट करून दिली आणि व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. मातेवश द कास्त्रु यांच्या अभिषेकास तेव्हा ३१३ वर्षे झाली होती.

पेडणे महालाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे आले. या नव्या काबिजादीत देवळांना व लोकांच्या धर्माला हात लावणार नाही असे वचन राज्यकर्त्यांनी दिले आणि सामान्यतः पाळले. पण १८२६ च्या पोर्तुगीज राज्यसनदेत कॅथलिक धर्म हाच राज्याचा धर्म असून इतर धर्मांची मुभा परकीयांस आहे, असे कलम होते. कायद्याचे शब्द पाहता केरीचा आजोबा देवस्थानाला नवस बोलणारा शेतकरी आपल्याच गावात परका ठरत होता. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि १९११ च्या कायद्याने धर्म व राज्य यांची फारकत केली. तरी १९३३ च्या नियमावलीने देवस्थानांस जी सरकारी मान्यता दिली तिच्याबरोबर मामलेदारही देवस्थानाचा प्रशासक म्हणून आला, आणि ती व्यवस्था पोर्तुगीज गेल्यावरही राहिली. राज्य ज्याला मान देते त्याच्या हिशेबाच्या वहीवर त्याचा हात पडतोच. देऊळ असो वा चर्च.

आता मराठी शब्दाविषयी. 'प्रस्थापित' हा शब्द मुळात निर्दोष. परंतु १९६० नंतर लघुनियतकालिकांच्या चळवळीने आणि १९७२ नंतर दलित पँथर व दलित साहित्य यांनी तो ज्या अर्थाने वापरला त्यामुळे तो आरोपाचा शब्द झाला. ज्यांनी गावकुसाबाहेरून हा शब्द उच्चारला त्यांच्यापैकी अनेकांचे आप्त आपल्याच मंडळ्यांत आहेत. तेव्हा त्या अर्थाकडे कोशाच्या आधाराने दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या घटनापत्रात जे म्हटले ते हेच ओळखून. ख्रिस्तसभा आपली आशा राज्यसत्तेने देऊ केलेल्या विशेषाधिकारांवर ठेवीत नाही. उलट, रीतीने मिळालेले काही हक्कदेखील आपल्या साक्षीच्या सच्चेपणाविषयी शंका उत्पन्न करीत असतील तर ती ते सोडून देईल, असा त्याचा आशय आहे. राज्याची विशेष मान्यता एखाद्या धर्मास असलीच, तर इतरांचे धर्मस्वातंत्र्य अबाधित राहिले पाहिजे, असे धर्मस्वातंत्र्याविषयीचे घोषणापत्र सांगते. भारतीय राज्यघटनेच्या २५ ते २८ या अनुच्छेदांखाली राहणाऱ्या आपणांस हे स्वीकारणे जड जाऊ नये. तरीही अल्पसंख्य असूनसुद्धा 'आम्ही जुने, आम्ही मान्यताप्राप्त, ते नवे' अशी भाषा आपल्या तोंडी अजून येते, विशेषतः शेजारी एखादी नवी प्रार्थनामंडळी उघडली म्हणजे. त्या मंडळीची शिकवण तपासावी, चुकत असेल तेथे स्पष्ट बोलावे. पण तिच्याजवळ पाटी नाही, इमारत नाही, एवढ्यावरून तिचा निकाल लावू लागलो तर डिचोलीच्या बिशपांविषयी गोव्याच्या दरबाराने जे म्हटले तेच आपण म्हणू लागू.

म्हणून भाषांतर करताना शब्द प्रसंगानुसार बदलावा असे आमचे मत आहे. इंग्लंडच्या ख्रिस्तसभेविषयी वा तत्सम कायदेशीर प्रसंगी 'राजमान्य' हा आपल्या जुन्या पत्रलेखनातला शब्द उत्तम. मायन्यातील 'राजमान्य राजश्री' विसरले गेले तरी शब्दाचा अर्थ कोणी विसरलेले नाही. जुन्या पेढीस वा शाळेस 'नावाजलेली' पुरे. मिशनविषयक लिखाणात 'आधीपासूनच्या ख्रिस्तसभा' म्हणावे. पौलाच्या पत्रात 'स्थिर'. 'प्रस्थापित' हा शब्द जेथे टीकाच अभिप्रेत असेल तेथे राखून ठेवावा. आणि 'ख्रिस्ताने स्थापिलेली' हे शब्द या इंग्रजी विशेषणासाठी कधीही वापरू नयेत. ते कोणत्याही संसदेच्या वा राजाच्या हातातले नाहीत.

बोट तेरेखोलहून निघालेली दिसली तेव्हा आमचा केरीचा धर्मशिक्षक वही गुडघ्यावर ठेवून धक्क्याच्या कठड्यावर बसला. त्याने आपली पहिली ओळ खोडली आणि वर 'आधीपासूनच्या' असे लिहिले. सावंतवाडीच्या तरुणाने तेच उतरवून घेतले. मग केरीकराने समासात, आम्हांस काही न विचारता, आणखी एक टीप केली. बोटीत चढताना ती आमच्या नजरेस पडली : 'राजमान्य म्हणजे पगारी?'